ब्याण्णव दाते : चित्तरंजन कारखाना आणि प्रवासी गाडीचा वेग

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याकडे विजेवरची पहिली गाडी सुटली. त्या घटनेच्या शंभरीच्या निमित्ताने लोकलचाच विषय आधी निघावा, हे साहजिक आहे. मुंबईकराच्या लेखी विजेची गाडी म्हणजे लोकल. पण लांब पल्ल्याच्या गाडीच्या तोंडाशी जोडलेले विजेचे इंजिन ही वस्तू वेगळी आणि तिची वाटचालही वेगळी. ती सुरू झाली मुंबई–पुणे मार्गावर. पण गेली साठाहून अधिक वर्षे तिचे माहेर आहे देशाच्या पार दुसऱ्या अंगाला, पश्चिम बंगालमध्ये झारखंडच्या हद्दीला खेटून वसलेले चित्तरंजन. तिथल्या रेल्वे इंजिन कारखान्याचा इतिहास बहुधा आकड्यांच्या चढत्या भाजणीत सांगितला जातो : इतकी अश्वशक्ती, मग तितकी, ताशी १२० किलोमीटर, मग १३०, १४०, १६०. या भाजणीत कारखान्याचे खरे वैशिष्ट्य हरवते. ते वैशिष्ट्य असे की जलद प्रवासी गाडीसाठी कोऱ्या कागदावरून नवे इंजिन चित्तरंजनने जवळपास कधीच काढले नाही. प्रत्येक वेळी ते मिश्र कामाच्या किंवा थेट मालगाडीच्या इंजिनातून घडवले. या गोष्टीकडे कमीपणा म्हणून बोट दाखवले जाते. पुरावा नीट पाहिला तर ती या संस्थेची सर्वांत शहाणी सवय होती असेच म्हणावे लागते, आणि त्या सवयीची किंमत काय पडली हेही त्याच पुराव्यात दिसते.

पुढे वारंवार येणारी नावे आधी उलगडून ठेवू. डब्ल्यू हे अक्षर ब्रॉडगेजचे, सी म्हणजे डीसी वीज, ए म्हणजे एसी. पी प्रवासी, जी माल, एम मिश्र. कागदावर डब्ल्यूएपी-७ असे लिहितात, रेल्वेप्रेमींच्या तोंडी ते ‘वॅप-७’ असते, आणि मालगाडीचे इंजिन ‘वॅग’. दुसरा शब्द बोगी. आपण डब्यालाच बोगी म्हणतो. कारखान्यात बोगी म्हणजे इंजिनाच्या किंवा डब्याच्या पोटाखालची चाके, आस, स्प्रिंगा आणि त्यांना धरून ठेवणारी चौकट. या लेखात बोगी याच अर्थाने येईल. जलद इंजिनाचे अर्धेअधिक शास्त्र त्या चौकटीतच आहे.

विशुद्ध प्रवासी इंजिन भारतात आले ते चित्तरंजनच्या कितीतरी आधी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याणपासून पुण्यापर्यंतचा मार्ग १९२९ मध्ये विजेखाली आणला आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. या मार्गावरच्या जलद गाड्यांसाठी मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सने बांधलेली ईए-१ वर्गाची २२ इंजिने आली. स्वातंत्र्यानंतर त्यांना डब्ल्यूसीपी-१ हे नाव मिळाले. २१६० अश्वशक्ती, ओढणाऱ्या तीन आसा आणि प्रत्येक आसेसाठी दोन-दोन मोटरी. या मोटरी आसेवर लटकावलेल्या नव्हत्या. त्या चौकटीवर पक्क्या बसवल्या होत्या आणि त्यांची ताकद आसेपर्यंत पोहोचवायला स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्याची खास यंत्रणा होती. त्यामुळे मोटरीचा भार थेट रुळावर आदळत नसे. आरेखन इतके नेटके की आजच्या अभियंत्यानेही त्याला दाद द्यावी. त्यातले ‘सर रॉजर लम्ले’ नावाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. पण या इंजिनाचा वंश पुढे वाढला नाही. एकाच मार्गासाठी, एकाच कामासाठी, परदेशात बांधलेले. सुटे भाग दुसऱ्या कशाला लागत नाहीत, मालगाडीला ते जुंपता येत नाही. पुढे डीसी मार्गांसाठी जी इंजिने घेतली ती सहा आसांची आणि दोन्ही कामांना चालणारी, म्हणजे मिश्र होती. उत्तम पण एकांडे इंजिन कारखान्याला पुढचे काही शिकवत नाही, हा धडा चित्तरंजनच्या स्थापनेआधीच मुंबई–पुणे मार्गावर मिळून गेला होता.

चित्तरंजनची सुरुवात तशी अडखळत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिन कारखान्यासाठी कोलकात्याजवळ कांचरापाड्याच्या परिसराचा विचार चालू होता. फाळणीने तो बेत मोडला आणि मिहिजामची, म्हणजे आजच्या चित्तरंजनची, उंचसखल जमीन निवडण्यात आली. २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, उत्पादनाला आरंभ झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिले वाफेचे इंजिन राष्ट्राला अर्पण झाले. देशबंधू चित्तरंजन दास यांच्यावरून गावाला नाव मिळाले, तसे त्या इंजिनालाही : ‘देशबंधू’. पुढे १९७२ पर्यंत इथून २३५१ वाफेची इंजिने बाहेर पडली. पण वाफेची भट्टी पेटती असतानाच कारखान्याने विजेचे काम हाती घेतले, आणि पहिले विजेचे इंजिन बनले ते बंगालसाठी नव्हे, आपल्याकडच्या १५०० व्होल्ट डीसी मार्गासाठी. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. त्याचे नाव ‘लोकमान्य’. वर्ग डब्ल्यूसीएम-५, म्हणजे मिश्र. अशी २१ इंजिने झाली. पुण्याच्या वाटेवरच्या इंजिनाला टिळकांची पदवी शोभली खरी, पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने नावापेक्षा त्या वर्गातले ‘एम’ हे अक्षर महत्त्वाचे आहे. चित्तरंजनने पहिल्या विजेच्या इंजिनापासूनच केवळ प्रवासी गाडीसाठी म्हणून काही केले नाही.

तोवर देशाने मार्ग बदलला होता. फ्रेंच रेल्वेचा अनुभव पाहून १९५७ मध्ये २५ हजार व्होल्टची एसी वीज प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. व्होल्टेज जास्त म्हणजे त्याच शक्तीसाठी प्रवाह कमी, तार बारीक, उपकेंद्रे लांब लांब. मुंबईच्या भोवतालचे १५०० व्होल्टचे डीसी जाळे मात्र तसेच राहिले, आणि त्याचा जाच आपल्याला पुढे अर्धशतक सोसावा लागला. त्याकडे शेवटी येऊ. नोव्हेंबर १९६३ मध्ये चित्तरंजनचे पहिले एसी इंजिन तयार झाले. ते मालगाडीचे होते आणि बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘बिधान’ ठेवले. प्रवासी गाड्यांना एसी मार्गांवर ओढायला आधी परदेशी बनावटीची इंजिने होती. त्यांची जागा घेणारे डब्ल्यूएएम-४ हे १९७० पासून चित्तरंजनमध्ये बनू लागले. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेचे आरेखन, फ्रेंच वळणाच्या टीएओ-६५९ मोटरी, टॅप चेंजर आणि सिलिकॉन रेक्टिफायर. त्याची बोगी मात्र नवी नव्हती. ती होती अमेरिकी अल्को कंपनीच्या घराण्यातली, आपल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाखालची, वर्कशॉपच्या माणसांच्या हाताखालून रोज जाणारी. ३६४० अश्वशक्तीचे हे इंजिन एक्स्प्रेसलाही चाले, मालगाडीलाही चाले. अशी जवळपास पाचशे इंजिने बनली, आणि त्यांच्या जोरावर देशभरची विजेची शेडे उभी राहिली.

या उसन्या बोगीचा दोष कळायला मोटर कुठे लटकते ते पाहावे लागते. साध्या रचनेत मोटरीचा एक बाजूचा भार बोगीच्या चौकटीवर असतो आणि दुसऱ्या बाजूचा थेट आसेवर. आसेवरच्या भाराखाली स्प्रिंग नसते. चाक रुळाच्या सांध्यावरून गेले की तेवढे वजन घणासारखे खाली येते, आणि वेग वाढला की घणाचा मारही वाढतो. गाडी ताशी १०० किलोमीटरने जाते तेव्हा हा मार रूळ सहन करतो. १३० च्या पुढे रूळ, स्लीपर, खडी सगळेच तक्रार करू लागतात. म्हणजे जलद इंजिनाला नुसती ताकद पुरत नाही, ते रुळाशी सौम्य वागावे लागते. हावडा–दिल्ली मार्ग १९७६ मध्ये पूर्ण विजेखाली आला आणि राजधानी एक्स्प्रेसला विजेचे इंजिन जोडायचे ठरले, तेव्हा नेमका हाच प्रश्न समोर आला. १९८० मध्ये आलेले वॅप-१ हे त्याचे उत्तर होते, आणि ते उत्तरही आपल्या सवयीप्रमाणेच दिले गेले : वीजयंत्रणा डब्ल्यूएएम-४ ची, मोटरी त्याच, गिअरचे प्रमाण बदललेले, आणि खाली नवी फ्लेक्सिकॉइल बोगी, जिच्यात इंजिनाचे धड उंच गुंडाळी स्प्रिंगांवर तरंगत असल्यासारखे राहते. मोटर अजूनही आसेलाच टेकलेली होती. पण बाकीचे वजन इतके मऊपणे पेलले गेले की ताशी १३० किलोमीटर गाठता आले. अशी ६५ इंजिने बनली.

त्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे याच घराण्यातली डागडुजी आणि उजळणी. बोगी आणखी सुधारून १९८७ मध्ये वॅप-३ काढले, पहिल्याचे नाव ‘जवाहर’. पुढे ती सारी इंजिने पुन्हा वॅप-१ करण्यात आली. वॅप-६ हा प्रयोग तर सरळ फसला, आणि त्यातली इंजिनेही दुसऱ्या वर्गात गेली. जमले ते वॅप-४. ते कसे जमले? १९९२ पासून मालगाड्यांसाठी वॅग-७ बनू लागले होते. त्यात हिताचीच्या आरेखनाच्या, ६३० किलोवॉटच्या दणकट मोटरी होत्या. त्याच मोटरी वॅप-१ च्या अंगात बसवल्या, आणि पाच हजार अश्वशक्तीचे, ताशी १४० किलोमीटरचे प्रवासी इंजिन तयार झाले. चोवीस-सव्वीस डब्यांची गाडी एकट्याने ओढणारे हे इंजिन २०१५ च्या सुमारापर्यंत बनत राहिले. संख्या साडेसातशेच्या वर गेली. भुसावळपासून विजयवाड्यापर्यंत ज्याने कुठे ना कुठे रात्रीचा एक्स्प्रेसचा प्रवास केला असेल, त्याला बहुधा याच इंजिनाने ओढले असेल. त्यात चालक एकेक नॉच चढवत जाई, आणि प्रत्येक नॉचबरोबर ट्रान्सफॉर्मरवरचा एक टप्पा बदले. ३२ टप्पे. रचना जुनी, पण कुठल्याही शेडमध्ये दुरुस्त होणारी.

आता या सरळ धाग्यातली एकमेव गाठ. जुलै १९९३ मध्ये भारतीय रेल्वेने एबीबी कंपनीशी ३३ इंजिनांचा आणि तंत्रज्ञान हस्तांतराचा करार केला. बहुतेक इंजिने मालगाडीची, वॅग-९. थोडी प्रवासी, वॅप-५. ही नवी पिढी थ्री-फेज. तारेतली एसी वीज आधी डीसी करायची, मग इलेक्ट्रॉनिक झडपांनी तिची हव्या त्या वारंवारितेची तीन-पदरी एसी करायची, आणि ती अशा मोटरीला द्यायची जिच्यात ना कॉम्युटेटर असतो ना कार्बन ब्रश. फायदा डोळ्यांना दिसण्यासारखा आहे : जुनी ६३० किलोवॉटची मोटर सुमारे साडेतीन टनांची, तर वॅग-९ ची ८५० किलोवॉटची मोटर सुमारे २१०० किलोची. ताकद एक-तृतीयांशाहून जास्त, वजन चाळीस टक्क्यांनी कमी. शिवाय ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते. १९९५ मध्ये आलेले वॅप-५ हे या मालिकेतले खरेखुरे, जन्माने प्रवासी इंजिन होते. चारच आसा, वजन ७८ टन, ५४०० च्या वर अश्वशक्ती, वेग ताशी १६०. मोटरी पूर्णपणे बोगीच्या चौकटीवर, आसेवर त्यांचा भार नाही. १९३० सालच्या ईए-१ ने जे साधले होते ते पासष्ट वर्षांनी परत आले, आणि योगायोग असा की या वेळीही त्यामागे स्वित्झर्लंडच होते. २००० साली चित्तरंजनमध्ये बांधलेले पहिले वॅप-५ ‘नवोदित’ या नावाने बाहेर पडले. चाचणीत वॅप-५ ने ताशी १८४ किलोमीटर गाठले. एप्रिल २०१६ मध्ये निजामुद्दीन–आग्रा गतिमान एक्स्प्रेस ताशी १६० किलोमीटरने धावू लागली ती याच इंजिनाच्या मागे.

मग साऱ्या देशाच्या एक्स्प्रेस गाड्यांपुढे वॅप-५ दिसायला हवे होते. दिसते ते वॅप-७. या लेखाचा मुख्य पुरावा इथेच आहे, म्हणून जरा जवळ जाऊन पाहू. वॅग-९ हे मालगाडीचे इंजिन : सहा आसा, १२३ टन, वेग ताशी १००, सुरुवातीचा ओढा सुमारे ४६० किलोन्यूटन. त्याच्या मोटरीच्या टोकाला १५ दात्यांचे पिनियन असते आणि आसेवर ७७ दात्यांचे मोठे चाक; म्हणजे मोटर पाच फेऱ्यांपेक्षा थोडी जास्त फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. चित्तरंजनच्या अभियंत्यांनी पिनियनला २० दाते दिले आणि मोठ्या चाकाला ७२. मोटर आता ३.६ वेळा फिरली की चाकाची एक फेरी. जोर त्या प्रमाणात उणावला, वेग त्याच प्रमाणात वाढला. ५.१३ ला ३.६ ने भागले की १.४२ येते, १०० ला त्याने गुणले तर १४२, आणि ४६० ला भागले तर ३२३ च्या आसपास. वॅप-७ च्या कागदावरचे आकडे आहेत ताशी १४० किलोमीटर आणि ३२२.६ किलोन्यूटन. गणित कुणीही वहीच्या कोपऱ्यात मांडून पाहावे. आणखी एक गंमत : ७७ आणि १५ मिळून ९२, ७२ आणि २० मिळूनही ९२. दात्यांची बेरीज तीच ठेवली की दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर तेच राहते, म्हणजे मोटरीची बैठक हलवायला नको, बोगी बदलायला नको, आस बदलायला नको. ट्रान्सफॉर्मर तोच, कन्व्हर्टर तेच, मोटर तीच. बदलायचे काही होते तर हे दाते आणि त्यांच्याबरोबरची नियंत्रणाची आज्ञावली. मे २००० मध्ये ‘नवकिरण’ नावाचे पहिले वॅप-७ बाहेर आले. (त्या काळात कारखान्यात ‘नव’ची साथच आली होती, पहिल्या देशी वॅग-९ चे नाव १९९८ मध्ये ‘नवयुग’ ठेवले होते.) आज वॅप-७ हजाराच्या वर आहेत आणि वॅप-५ त्यांच्या तुलनेत फारच थोडी.

पहिला आक्षेप इथेच येतो : यात चित्तरंजनचे काय? मोटर आधी फ्रेंच, मग जपानी, मग स्विस, बोगी अमेरिकी, दाते बदलणे हे काय संशोधन झाले? आक्षेपातली वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. पण एबीबीने जो प्रवासी नमुना दिला तो वॅप-५. मालगाडीच्या नमुन्यातून सहा आसांचे प्रवासी इंजिन काढता येईल ही कल्पना आणि ती अमलात आणण्याचे काम इथले. ते काम दिसायला सोपे वाटते, कारण ते आधीच्या तीस वर्षांत तीनदा करून झाले होते. जो कारखाना १९७० मध्ये डिझेलची बोगी विजेच्या इंजिनाखाली घालतो, १९८० मध्ये त्याच वीजयंत्रणेखाली दुसरी बोगी घालतो आणि पुढच्या दशकात मालगाडीच्या मोटरी प्रवासी इंजिनात बसवतो, त्याला २००० साली दाते मोजायला कुणी शिकवावे लागत नाही. आणि सामायिक भागांचा लाभ नुसता गोदामापुरता राहत नाही. एकाच रांगेवर दोन्ही जातींची इंजिने बनतात, एका शेडचा कारागीर दोन्ही उघडतो. २०१८-१९ मध्ये कारखान्याने ४०२ इंजिने बनवली आणि पुढच्या वर्षी ४३१. सहा प्रकारची सहा वेगळी इंजिने बनवत बसले असते तर हा आकडा स्वप्नातही आला नसता.

याला दुसऱ्या बाजूने उत्तर मिळते ते असे की संख्या वाढवण्यासाठी गुणवत्तेत तडजोड केली. वॅप-५ अधिक चांगले इंजिन होते. रुळाच्या बाजूने पाहिले तर हे खरे आहे. वॅप-७ ची मोटर पुन्हा आसेला टेकलेली आहे, आणि ताशी १४० किलोमीटरला तिचा मार रुळाला सोसावा लागतो. त्याची किंमत इंजिनाच्या खात्यात दिसत नाही, रूळ सांभाळणाऱ्या विभागाच्या खात्यात पडते. पण गाडीच्या बाजूने पाहा. चाक रुळाला किती घट्ट धरेल हे चाकावरच्या वजनावर ठरते. वॅप-५ चा कमाल ओढा २५८ किलोन्यूटन. तो काढायला ७८ टन वजनाच्या एक-तृतीयांशाइतकी पकड लागते. वॅप-७ ला ३२२ किलोन्यूटनसाठी स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडीच जास्त पकड पुरते. कोरड्या रुळावर दोन्ही जमते. रूळ पावसाने ओले असतील, मागे चोवीस डबे असतील आणि स्थानक चढावर असेल, तर चार आसांचे हलके इंजिन चाके फिरवत उभे राहते. युरोपात दहा-बारा डब्यांची गाडी दर अर्ध्या तासाला सुटते. आपल्याकडे एका फलाटावर चोवीस डब्यांची एकच गाडी लागते आणि तरीही माणसे दारात लोंबकळतात. इंजिन आपल्या गर्दीला बेतून घडले, एवढाच याचा अर्थ.

याहून गंभीर आक्षेप वेगाबद्दलचाच आहे. १ मार्च १९६९ रोजी पहिली हावडा–दिल्ली राजधानी सुटली तेव्हा तिला १७ तास २० मिनिटे लागत, तीही डिझेल इंजिनाच्या मागे. आज तोच प्रवास सतरा तासांच्या आसपासच होतो. मग इतकी इंजिने काढून साधले काय? आकडा बोचरा आहे आणि तो लपवून उपयोग नाही. पण तेव्हाची ती गाडी दहाच्या आत डब्यांची होती, बहुतेक खुर्च्यांची. आजची विसाच्या आसपास डब्यांची, झोपण्याच्या सोयीची, वाटेत अधिक ठिकाणी थांबणारी, आणि तिच्या मार्गावर आज गाड्यांची संख्या तेव्हाच्या कितीतरी पट आहे. इंजिनाने मिळवलेली ताकद वेळ वाचवण्यात खर्च झाली नाही, माणसे वाहण्यात झाली. सिग्नलला अडकून थांबलेली दुप्पट वजनाची गाडी पुन्हा ताशी १३० वर आणायला जे बळ लागते ते नव्या इंजिनाने दिले नसते, तर आज सतरा तास लागत आहेत तिथे वीस लागले असते. याला वेग म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. उरलेला दोष मात्र इंजिनाचा नाही. तो वळणांचा, फाटकांचा, जुन्या सिग्नलांचा आणि एकाच रुळावरून मालगाडी आणि राजधानी चालवण्याचा आहे. वॅप-५ ला १६० चा परवाना १९९५ पासून होता. त्या वेगाला योग्य असा रूळ प्रवासी सेवेसाठी मिळायला २०१६ उजाडले.

शेवटचा आक्षेप अलीकडचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीची वंदे भारत धावू लागली. तिला वेगळे इंजिनच नाही. मोटरी डब्यांच्या पोटाखाली वाटलेल्या आहेत. मग जलद प्रवासी इंजिन ही वस्तूच कालबाह्य झाली का? दिवसाच्या, बसून करायच्या, चार-सहा तासांच्या प्रवासात याचे उत्तर होय असेच द्यावे लागेल. बऱ्याच आसांवर वाटलेली ताकद गाडीला झटकन वेग देते, कुठल्याच एका आसेवर भार पडत नाही, आणि टोकाला पोहोचल्यावर इंजिन फिरवत बसावे लागत नाही. या बाबतीत चित्तरंजनची बाजू ओढूनताणून घेण्यात अर्थ नाही. मात्र देशातल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या अजून वेगवेगळ्या डब्यांच्या आहेत. त्यातला एक डबा बिघडला की काढून दुसरा जोडतात, इंजिन बिघडले तर तासाभरात दुसरे लावतात. आणि चित्तरंजनने या आक्षेपालाही आपल्या जुन्याच पद्धतीने उत्तर दिले : नवे काही न काढता असलेलेच दुसऱ्या तऱ्हेने जोडले. डिसेंबर २०२३ मध्ये अयोध्येहून सुरू झालेल्या अमृत भारत गाडीला दोन्ही टोकांना एकेक वॅप-५ असते, एक ओढते आणि एक ढकलते; मध्ये २२ डबे. त्याआधी वॅप-५ आणि वॅप-७ मध्ये कन्व्हर्टर बसवून डब्यांतले दिवे, पंखे, वातानुकूलन थेट ओव्हरहेड तारेवर चालवण्याची सोय केली होती. राजधानी-शताब्दीच्या शेपटाला धडधडणारी, डिझेलच्या धुराची जनित्रगाडी त्यामुळे चालवावी लागेनाशी झाली.

राहता राहिली मुंबई. ज्या गावासाठी ‘लोकमान्य’ बनले, त्या गावाला चित्तरंजनची एसी जलद इंजिने सर्वांत उशिरा दिसली. १५०० व्होल्टच्या तारेखाली वॅप-४ असो वा वॅप-७, लोखंडाचा गोळाच. दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिने चित्तरंजनने १९७५ पासून पश्चिम रेल्वेला दिली; मध्य रेल्वेवर मात्र इगतपुरीला आणि पुण्याला इंजिन बदलण्याचा थांबा पिढ्यान्पिढ्या गाडीच्या वेळापत्रकात बसून राहिला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची डीसी तार टप्प्याटप्प्याने बदलत २०१५ मध्ये इतिहासजमा झाली, तेव्हा कुठे ही अडचण सुटली. घाट मात्र तिथेच होता. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत ३७ फुटांना एक फूट चढ. हजार टनांची गाडी आणि १२३ टनांचे इंजिन त्या चढावर नुसते तोलून धरायला सुमारे ३०० किलोन्यूटन लागतात. वॅप-७ ची सारी पुंजी ३२२. म्हणून कसाऱ्याला गाडी थांबवून मागे बँकर इंजिने लावायची आणि इगतपुरीला ती सोडायची, हा रिवाज वाफेच्या काळापासून चालत आलेला. जानेवारी २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नाशिकमार्गे निजामुद्दीनला जाणारी राजधानी सुरू झाली आणि लवकरच तिच्या दोन्ही टोकांना एकेक वॅप-७ जोडण्यात आले. दोन इंजिनांचा मिळून ओढा ६४५ किलोन्यूटन होतो. ती गाडी कसाऱ्याला बँकरसाठी थांबत नाही.